चनमल्लप्पाच्या गळ्यातलं सील

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. आमचं म्हणायची सवय लागली आहे, पण दुकान चनमल्लप्पांचं होतं आणि मी त्यांच्या हाताखाली काम करत होतो. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. जळालेली मोटार आली की मी ती उघडून आतली काळी पडलेली तार काढायचो आणि अण्णा नवी भरायचे. त्यांच्या बोटांतून तांब्याची तार वेढ्याला वेढा लागून जायची. भरून झाली की दोन टोकं पिळून बाहेर मोकळी ठेवायची, कारण पुढची जोडणी तिथूनच करायची असते. मागाची मोटार असो, पिठाच्या गिरणीची असो, नाहीतर विहिरीवरच्या पंपाची असो, अण्णांनी भरलेली मोटार लवकर परत यायची नाही.

बोलणं कमी. घरात कन्नड, दुकानात मराठी, तीही गरजेपुरती. गिऱ्हाइकानं फार घाई केली तर म्हणायचे, "जळायला किती वेळ लागला? त्याच्यापेक्षा थोडा जास्त लागंल." एवढाच विनोद. तो मी किती वेळा ऐकला असेल, पण गिऱ्हाईक नवीन असलं की दर वेळी हसायचं.

अण्णा लिंगायत. त्यांच्या गळ्यात दोऱ्याला अडकवलेली चांदीची एक गोल डबी असायची, साधारण अंड्याएवढी. तिला ते करडगी म्हणत. आत लिंग. लहानपणी त्यांच्या गुरूनं ते गळ्यात बांधलं, तेव्हापासून ते अंगावेगळं झालेलं नव्हतं. पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, वर पाणी घालायचं, भस्म लावायचं आणि पुन्हा गळ्यात. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही, पाण्याचा थेंबही नाही. ही शेवटची गोष्ट वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

माझ्या घरी देव नव्हते. छप्पन साली माझ्या वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून नेले आणि सीना नदीत सोडले. हे मी एकदा अण्णांना सांगितलं होतं. वाटलं, त्यांना आवडणार नाही. त्यांनी हातातली तार थांबवून विचारलं, "वडलांनी आपल्या हातानं सोडले का कुणी सोडायला लावले?"

"आपल्या हातानं."

"मग बरोबर हाय," म्हणाले आणि तार पुढे चालू केली.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात त्या करडगीची खीळ तुटली. झाकण लागेना. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे गंगम्मा वहिनींनी, सोनाराकडं द्या म्हणून रोज पाठ धरली. पण सोनाराकडं द्यायची म्हणजे तो म्हणेल तेवढे दिवस लिंग फडक्यात बांधून गळ्यात घालायचं. घामानं फडकं कुजलं, गाठ सुटली, लिंग कुठं पडलं, तर? अण्णा आज देतो, उद्या देतो करत राहिले. तोवर त्यांनी आपल्या पद्धतीनं उपाय केला. रोज पूजा झाली की लिंग आत ठेवायचं, झाकण दाबायचं आणि वरून तांब्याची तार घट्ट गुंडाळायची. वेढ्याला वेढा लावून. आणि हाताची सवय म्हणून दोन टोकं पिळून बाहेर मोकळी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायला सोपं जायचं.

वहिनी म्हणायच्या, "भीमा, बघ ह्यांच्याकडं. देवाला पण मोटार करून टाकलं."

आम्ही हसलो होतो त्यावर.

आणीबाणी लागून वर्ष होत आलं होतं. रेल्वेच्या रुळांखाली कुठं कुठं सुरुंग सापडले अशा बातम्या कानावर येत, त्यातलं खरं किती आणि पसरवलेलं किती हे कळायला मार्ग नव्हता. स्टेशनवर झडती सुरू झाली होती. कुणालाही थांबवायचं, पिशवी उलटी करायची, अंग चाचपायचं. कारण सांगावं लागत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांना आदल्या पावसाळ्यात मिसाखाली नेलं होतं. ते येरवड्याला आहेत की नाशिकला, हे त्यांच्या घरच्यांना कळायला दिवाळी उजाडली. त्यामुळे पोलिसानं "इकडं ये" म्हटलं की लोक आधी बरोबरच्या माणसाच्या हातात घराची किल्ली द्यायचे. ही मी बघितलेली गोष्ट आहे.

मे महिन्यात जेऊरहून निरोप आला. एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार जळाली होती, ऊस वाळत होता आणि मोटार सोलापूरला आणण्याजोगी नव्हती. तिथं जाऊनच भरायची होती. सकाळच्या पॅसेंजरनं निघायचं ठरलं. नेमका त्या दिवशी नळ आला नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे ते नेहमीचंच. आंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून चहाही नाही. अण्णा तसेच निघाले. म्हणाले, "जेऊरला विहिरीवर आंघोळ करतो, तितंच पूजा करतो. तुझ्या वैनीचा डबा तितंच खाऊ."

म्हणजे आदल्या रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्या पोटात काही गेलेलं नव्हतं.

स्टेशनच्या दारात एक टेबल मांडलेलं होतं. टेबलामागे बाहेरून आलेले एक साहेब बसले होते. साध्या कपड्यांत, नीट भांग पाडलेले, आवाज मऊ. शेजारी आमच्याकडचे कुंडलिक हवालदार उभे होते. ते स्टेशनजवळच्या चौकीत असत आणि त्यांच्या घरचा पंखा आम्हीच भरून दिलेला होता. त्यांनी आम्हाला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. साहेब असले की त्या दिवसांत कुणी दाखवत नसे.

माझी पिशवी उलटी केली. त्यात कपडे आणि डबा. मग अण्णांची. तारेचं भेंडोळं निघालं. पक्कड, वार्निशचा डबा, कागदाच्या पट्ट्या. आणि शेवटी आमचा टेस्टर. तो आम्ही दुकानातच केलेला होता: बॅटरीचे सेल, त्याला बांधलेला बारका बल्ब आणि दोन लांब वायरी. तार कुठं तुटली आहे का ते बघायला लागतो.

साहेबांनी टेस्टर हातात घेतला नाही. पेन्सिलीनं थोडा सरकवला.

"हे काय?"

"टेस्टर हाय साहेब. मोटारीचं काम करतो आमी."

"कुठं निघालात?"

"जेऊर. विहिरीवर."

"विहिरीवर सुरुंग लावतात ना?"

"विहीर खोदताना लावतात. आमी मोटार भरतो."

साहेबांनी मान हलवली, जणू पटलंच. मग एका शिपायाला खूण केली. शिपायानं अण्णांचे खिसे चाचपले, कंबर चाचपली, आणि छातीवर त्याचा हात थांबला. त्यानं सदऱ्याची गुंडी काढली. करडगी बाहेर आली. चांदी दिसतच नव्हती. दिसत होता तांब्याच्या तारेनं गच्च गुंडाळलेला एक गोळा आणि त्यातून बाहेर आलेली दोन पिळलेली टोकं.

शिपाई दोन पावलं मागं गेला. मागच्या रांगेतले लोकही सरकले. साहेब उठून उभे राहिले, पण आवाज तसाच. "सगळे मागं व्हा. बादली आणा."

संशयाची वस्तू पाण्यात बुडवायची अशी त्यांची रीत होती. शिपाई पाण्यानं भरलेली बादली घेऊन आला आणि लांबच ठेवून मागं सरला. पण गळ्यातून ते काढून बादलीत घालायचं कुणी, हे ठरेना.

"काढ ते," साहेब म्हणाले.

"काढता येत न्हाय."

"का?"

"लिंग हाय ते. अंगावेगळं करायचं नसतं."

कुंडलिक हवालदार घसा खाकरून म्हणाले, "साहेब, हे लोक लिंगायत. ह्यांच्या गळ्यात असतं तसं. झाकण मोडलं असंल म्हणून तार लावली असंल."

"मला माहीत आहे लिंगायत काय असतं," साहेब म्हणाले. "उद्या कुणाला काही लपवून न्यायचं असलं तर तो कुठं ठेवील? जिथं तुम्ही हात लावणार नाही तिथंच ना?"

मी त्या प्रश्नाचा पुढे अनेक वर्षं विचार केला. माणूस निर्दोष दिसतो म्हणूनच संशयित, असं ठरल्यावर त्यानं करायचं काय?

अण्णा म्हणाले, "मी सोडून दाखवतो. माझ्या हातावर घेतो. तुमी बघा."

"उघडायचं नाही. हात खाली." साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. मग पुन्हा मऊ झाला. "हे बघा, मला स्वतःला वाटत नाही यात काही असेल. पण माझ्या वाटण्याला अर्थ नाही. उद्या पुण्याहून तपासणारा माणूस येतोय. वस्तू इथं ठेवा आणि तुम्ही जा. तुमची गाडी आहे. येताना घेऊन जा."

त्यांच्या दृष्टीनं ही मेहेरबानी होती. मला तर सुटल्यासारखं झालं. मी अण्णांकडं बघितलं.

अण्णा म्हणाले, "मग मला पण ठेवा."

"काय?"

"ते जितं राहील तितं मी राहतो. दोघांना मिळून जप्त करा."

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेब अण्णांकडं वळले. "तुम्हाला कळतंय का काय म्हणताय? मी नेलं तर विचारायला कुणी येऊ शकत नाही. कोर्टसुद्धा नाही."

"व्हय. ऐकून हाय."

पॅसेंजर आली आणि गेली. आम्ही तिथंच.

तोड काढली ती कुंडलिक हवालदारांनी. म्हणाले, "साहेब, माल ह्याच्या गळ्यातच सील करू. कापडात बांधतो, लाख लावतो, माझा शिक्का मारतो. हा चौकीत बसून राहील. उद्या पुण्याचे साहेब येतील ते फोडतील. तोवर कुणी हात लावला तर कळंलच."

साहेबांना ते पटलं. मला वाटतं, त्यांनाही सुटका हवी होती. अण्णांनाही पटलं. लिंग गळ्यातच राहणार होतं, कुणाचा हात लागणार नव्हता. त्यांनी मान पुढे केली. हवालदारांनी दोऱ्यासकट करडगीवर पांढरं कापड गुंडाळलं, सुतळीनं बांधलं, गाठीवर लाल लाख वितळवून टाकली आणि पितळी शिक्का दाबला. लाखेचा एक थेंब कापडाच्या आत करडगीवर ओघळला. अण्णांचा चेहरा अगदी निवांत होता. कुणाच्याच ध्यानात आलं नाही, ना त्यांच्या, ना माझ्या, ना हवालदारांच्या.

ध्यानात आलं ते दुपारी.

अटक झालेली नव्हती. अटक केली असती तर कागद झाला असता. नुसतं बसवून ठेवलं होतं. चौकीच्या आतल्या खोलीत एक बाकडं, त्यावर अण्णा, आणि समोर ती पाण्याची बादली. शिपायानं ती तिथं आणून ठेवली होती आणि परत कुणी उचलली नाही. मला सोडून दिलं होतं. मी जाऊन वहिनींना घेऊन आलो. खोलीच्या खिडकीला गज होते, बाहेर लिंबाचं झाड होतं. आम्हाला तिथं बसू दिलं.

वहिनींनी खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी पूजा करून घ्या. मग भाकरी देते."

अण्णांचा हात छातीवर गेला. लाखेवर थांबला. वहिनींना कळलं, मग मला कळलं. सील फोडल्याशिवाय पूजा नाही. पूजेशिवाय पाणी नाही. आणि सील फोडलं तर साहेब नेणार, कुठं ते मास्तरांच्या बायकोला विचारावं.

वहिनी खिडकीचे गज धरून म्हणाल्या, "दोन महिने ओरडतेय, सोनाराकडं जा, सोनाराकडं जा. आता बसा तार गुंडाळून." मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि स्वतःही काही खाल्लं नाही.

सोलापूरचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला जास्त सांगायला नको. दुपारी त्या खोलीच्या पत्र्यावर कावळासुद्धा बसत नव्हता. अण्णा बादलीकडं बघायचे नाहीत. भिंतीकडं तोंड करून बसले होते. संध्याकाळी मी म्हटलं, "अण्णा, मनातल्या मनात पूजा करून चालत नाही का? कुणाला तरी विचारून येतो, मठात जातो."

"जाऊ नको. ते चालंल म्हणतील," अण्णा म्हणाले.

"मग झालं की."

"मला चालणार न्हाय. मनातल्या मनात मोटार भरली तर फिरते का?"

हा त्यांचा दुसरा विनोद. तो पुन्हा कधी केल्याचं आठवत नाही.

सकाळी आम्ही परत आलो तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते. डोळे आत गेले होते. बोलताना जीभ टाळूला चिकटून आवाज यायचा. तपासणारा माणूस सकाळच्या गाडीनं येणार होता, तो आला नाही. दुपारपर्यंत येतील, असं हवालदार म्हणाले. गाडी वाटेतच अडकली होती, म्हणून साहेब त्यांना आणायला जीप घेऊन गेले होते. दुपार चढली तरी जीपचा पत्ता नाही. अण्णा बाकड्यावर आडवे झाले होते. वहिनींनी हाक मारली की हात थोडा उचलायचे, एवढंच.

कुंडलिक हवालदार सकाळपासून खोलीत येत होते आणि जात होते. शेवटी आत येऊन बाकड्याशी उकिडवे बसले.

"चनमल्लप्पा, पाणी पी."

अण्णांनी मान हलवली.

"अरे तुझं काही झालं तर मी काय सांगू? मग ती लाख तरी फोड. मी तिकडं तोंड करून उभा राहतो."

अण्णांना बोलायला वेळ लागला. "त्यावर तुमचा शिक्का हाय."

"माझा शिक्का, माझी लाख. तुला काय करायचंय?"

"फुटलेलं दिसलं तर आधी तुमाला विचारतील. मला काय, बसवून ठेवलंच हाय. तुमची नोकरी जाईल."

हवालदार चिडले. "तुझ्या गळ्यात सील करा म्हणून मीच शहाणपणा केला ना? ते पाप माझ्या डोक्यावर, आणि वर तूच माझी काळजी करतोस?"

वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "हवालदारसाहेब, ते ऐकायचे न्हाईत. लग्न झाल्यापासून माझं एक ऐकलं न्हाय, तुमचं काय ऐकतील."

हवालदार उठले. बाहेरच्या शिपायाला म्हणाले, "जा, चहा घेऊन ये. हितला नको, बाजारातल्या हॉटेलातला आण." शिपाई गेला. मग त्यांनी टेबलाच्या खणातून लाखेची कांडी काढली, पितळी शिक्का काढला, काडेपेटी काढली आणि तिन्ही वस्तू टेबलावर ओळीनं मांडल्या. मला म्हणाले, "भीमा, रस्त्याकडं बघ. जीप दिसली की खोक."

मी झाडाच्या पुढे जाऊन उभा राहिलो. तिथून रस्ताही दिसत होता आणि मान वळवली की खिडकीही.

हवालदारांनी अण्णांना उठवून बसवलं आणि पात्यानं सुतळी कापली. स्वतःच्या हातानं स्वतःचा शिक्का मोडला. "उरक," म्हणाले.

अण्णांनी विचारलं, "आंगोळ?"

"आता आंघोळ पण पाहिजे? हातपाय धू आणि उरक म्हणतो मी."

बादलीतलं पाणी वहिनींच्या तांब्यात घेऊन अण्णांनी हातपाय धुतले, तोंड धुतलं. मग तार सोडू लागले. वेढे सुटत होते, एकामागून एक. लिंग डाव्या तळहातावर आलं. काळं, गुळगुळीत, सुपारीपेक्षा थोडं मोठं. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते नीट बघितलं. अण्णांनी डोळे मिटले. त्यांनी घाई केली नाही. हवालदार दाराशी उभे राहून एकदा बाहेर आणि एकदा आत बघत होते, त्यांच्या मानेवरून घाम गळत होता, आणि अण्णा मात्र रोज सकाळी जेवढा वेळ घेत तेवढाच घेत होते. पाणी घातलं. वहिनींनी गजांतून दिलेलं भस्म लावलं. कपाळावर तीन बोटं ओढली. मग तळहातावरचं पाणी तोंडात घेतलं, आणि त्यानंतर तांब्या उचलला.

तो तांब्या पिताना झालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

रस्त्याच्या टोकाला धूळ दिसली. मी खोकलो. पुन्हा खोकलो.

अण्णांनी लिंग करडगीत ठेवलं, तार गुंडाळली. हवालदारांनी कापड लावलं, सुतळी बांधली, काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली. लाख टपकली, शिक्का बसला, आणि हवालदार त्यावर फुंकर मारत असतानाच जीप दारात थांबली. त्यांनी कांडी खणात टाकली. मोडलेल्या लाखेचे तुकडे अण्णांनी बादलीत टाकले.

साहेब आत आले. बरोबर पुण्याचे तपासणारे होते, चष्मा लावलेले, थकलेले, गाडीच्या उशिरानं वैतागलेले. त्यांनी वाकून सील बघितलं. बोट लावलं. "लाख मऊ आहे."

मग त्यांनी कापड चिमटीत धरलं.

"आणि कापड ओलं कशानं?"

कुंडलिक हवालदार सरळ उभे होते. हात मांड्यांना चिकटवलेले. त्यांचा चेहरा मी खिडकीतून बघत होतो, तो काळवंडला होता. आता ते बोलणार, सगळं सांगून टाकणार, असं मला वाटलं.

अण्णा म्हणाले, "घाम हाय साहेब. मे महिना."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. गिऱ्हाइकाला जुनी बेअरिंग नवी म्हणून कधी न सांगणारा माणूस. स्वतःचा जीव जायची वेळ आली तरी त्यांनी सील फोडलं नव्हतं.

साहेब पुढे आले. "कालपासून पाणी प्यायला नाहीत म्हणे तुम्ही."

"व्हय."

"आणि एवढा घाम?"

साहेबांनी त्यांच्या कपाळाकडं बघितलं. तिथं भस्माचे तीन पट्टे होते, ओले, ठळक, काठ न मोडलेले. ते पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं. साहेबांची नजर तिथून बादलीवर गेली, बादलीवरून हवालदारांवर गेली आणि तिथं थांबली. वहिनींनी माझा दंड धरला होता, त्यांची नखं रुतली होती.

साहेब म्हणाले, "घाम. ठीक आहे. उघडा."

चष्मेवाल्यांनी सील फोडलं. तार दिसली तेव्हा मात्र त्यांनी हात मागं घेतला आणि अण्णांना म्हणाले, "तुम्हीच सोडा. मी बघतो." अण्णांनी तार सोडली, टोकं त्यांना दाखवली. ती कशालाच जोडलेली नव्हती. मग लिंग तळहातावर घेऊन हात पुढे केला. चष्मेवाल्यांनी वाकून बघितलं, वास घेतला, खिशातून भिंग काढून पुन्हा बघितलं. हात लावला नाही. "दगडाचं आहे. वरून लेप. काही नाही यात," म्हणाले, आणि पाणी मागितलं.

साहेबांनी अण्णांची पिशवी परत दिली. टेस्टरही दिला. म्हणाले, "हे काल तिथंच स्पष्ट झालं असतं तर एवढा त्रास झाला नसता."

"सांगितलं होतं साहेब," अण्णा म्हणाले. रागानं नाही.

आम्ही बाहेर आलो. झाडाखाली बसून वहिनींनी डबा उघडला. कालची भाकरी कडक झाली होती, चटणी तेवढी चांगली होती. अण्णा एकेक घास पाण्याबरोबर उतरवत होते. हवालदार दारात उभे होते, पण आमच्याकडं आले नाहीत. त्यांना पुढे शिक्षा झाली नाही. बढतीही झाली नाही.

आणीबाणी उठली. मास्तर घरी आले. लोक पुन्हा मोठ्यानं बोलू लागले. त्या दिवसांत कुणाकुणावर काय झालं ते लिहून घेऊन पुढे पाठवायचं काम आबासाहेब नावाचे एक वकील करत होते. ते दुकानात आले. मीच त्यांना सांगितलं होतं. मला वाटत होतं, हे लिहिलं गेलं पाहिजे. कारण न देता एका माणसाला बसवून ठेवलं, त्याच्या अंगावरच्या वस्तूसाठी त्याचं पाणी तोडलं, हे कुठंतरी नोंदलं गेलं पाहिजे.

आबासाहेबांनी सगळं समजावून सांगितलं. अण्णा ऐकत होते आणि तार भरत होते. शेवटी म्हणाले, "लिहायचं तर सगळं लिहावं लागंल ना वकीलसाहेब?"

"अर्थात. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग नको."

"अहो, तुमच्यावर अन्याय झाला. त्या साहेबाला जाब नको का विचारायला?"

"पाहिजे की. पण त्यात सील येतंय. सील आलं की हवालदार येतो." अण्णांनी टोकं पिळली आणि पक्कड खाली ठेवली. "ज्यानं पाणी पाजलं त्याचं नाव पहिलं कसं देऊ?"

आबासाहेबांनी मला बाजूला घेऊन पुष्कळ सांगितलं. अशानं खरे दोषी सुटतात, म्हणाले. ते खरंच होतं. अण्णांचंही खरं होतं. ह्या दोन खऱ्या गोष्टी एकत्र कशा बसवायच्या ते मला आजही येत नाही. कुंडलिक हवालदार आता नाहीत, त्यांच्या मागं त्या नोकरीत कुणी नाही, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही असं मला वाटतं. चुकत असेन तर अण्णांना विचारायची सोय राहिलेली नाही.

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून मूठमाती दिली, लिंग डाव्या तळहातावर ठेवून. करडगी मागं राहिली. शेवटपर्यंत ते तिच्यावर तारच गुंडाळत होते. काही दिवसांनी वहिनींनी ती माझ्या हातात ठेवली. मी हात मागं घेतला, तर म्हणाल्या, "धर रे. आता रिकामी हाय. सोनाराकडं ने आणि खीळ बसवून आण. नातवाला व्हईल."

मी नेली. सोनारानं भिंगाखाली धरून बघितली. खिळीच्या शेजारच्या खाचेत लाल काहीतरी घट्ट बसलेलं होतं.

"हे काय आहे, लाख का? काढून टाकू?"

"तुम्ही खीळ तेवढी बसवा," मी म्हटलं.